बेळगाव भागात डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवून विकताय? ते कॉपी होऊ नये म्हणून काय काय करायचं, एकेक पायरी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात एकट्याने नाहीतर दोघातिघांनी मिळून सॉफ्टवेअर बनवणारी पोरं बरीच आहेत. कुणी रविवार पेठेतल्या होलसेलवाल्यांना बिलिंग देतंय, कुणी उद्यमबागेतल्या मशीन शॉपला जॉबवर्कचं, कुणी सौहार्द सहकारी सोसायट्यांना पिग्मीचं, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीच्या वसुलीचं. सगळं डेस्कटॉपवर चालणारं, कारण दुकानदाराला आपला डेटा आपल्या कॉम्प्युटरात पाहिजे असतो आणि नेट गेलं म्हणून बिल थांबलेलं त्याला चालत नाही. पण एका दुकानात विकलेलं सॉफ्टवेअर चार महिन्यांनी शेजारच्या दुकानात आपल्याला न विचारता चालताना दिसतंय, तेव्हा काय करायचं ते कोण सांगत नाही. मी यातून गेलोय म्हणून नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहितोय. यातलं बरंचसं फुकट होतंय, फक्त पहिल्या ग्राहकाच्या आधी केलं तर सोपं, पन्नासाव्यानंतर करायला गेलं तर डोकेदुखी.

१. आधी ठरवा, कॉपी करतंय कोण

आपल्या भागात तुमचं सॉफ्टवेअर क्रॅक करायला कोण रशियन बसलेला नसतो. कॉपी होतंय ते हार्डवेअरवाल्याकडून. दुकानदाराचा कॉम्प्युटर बिघडतो, तो हार्डवेअरवाल्याकडे जातो, तिथे विंडोज मारताना सगळा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला जातो, आणि पुढच्या ग्राहकाला नवीन मशीन विकताना "बिलिंग पण टाकून देतो की सावकार" म्हणत तोच फोल्डर तिथे चिकटवला जातो. दुसरा रस्ता म्हणजे नातेवाईक, म्हणजे मोठ्या भावाच्या दुकानातलं धाकट्याच्या दुकानात. तिसरा रस्ता जुना नोकर किंवा अकाउंटंट, तो चार दुकानांचे हिशोब बघत असतोय आणि एका ठिकाणचं दुसरीकडे नेतो.

हे नीट समजलं की खर्च कुठे करायचा ते कळतं. तुमचं लॉक हे पेन ड्राइव्हवाल्याला थांबवण्यासाठी आहे. ज्याला खरंच डिबगर, म्हणजे चालू प्रोग्रॅम आतून बघायचं टूल, चालवता येतो तो आज ना उद्या कुठलंही डेस्कटॉप लॉक तोडू शकतो, मोठमोठ्या कंपन्यांची तुटलीत, त्याच्या मागे सहा महिने घालवू नका. तो वेळ खाली दुसऱ्या आणि चौथ्या पायरीत घाला.

२. लायसन्स ग्राहकाच्या नावावर द्या आणि ते नाव बिलावर छापा

माझ्या मते सगळ्यात भक्कम लॉक हेच आहे, आणि नवीन लोक नेमकं हेच सोडून मशीनच्या नंबरामागे लागतात. बिलिंग सॉफ्टवेअरमधून शेवटी बाहेर काय पडतं? बिल. त्या बिलावर दुकानाचं नाव आणि जीएसटी नंबर छापला जातो. तो नंबर जर लायसन्समधूनच येत असेल आणि दुसरीकडून बदलता येत नसेल, तर चोरून नेलेल्या कॉपीतून मूळ मालकाच्या नावाचंच बिल निघणार. दुसऱ्याच्या जीएसटी नंबरवर बिल फाडायची हिंमत कुठलाच व्यापारी करत नाही. त्याचा माल घेणाऱ्याला इनपुट क्रेडिट मिळणार नाही आणि पहिल्याच महिन्यात भांडण होईल.

जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, कर्नाटक २९ आणि महाराष्ट्र २७, पुढची दहा अक्षरं पॅन, आणि शेवटचं अक्षर तपासणीचं. हे आपल्या सीमाभागात फार कामाचं आहे, कारण एकाच मालकाचं एक दुकान बेळगावात आणि एक चंदगड नाहीतर गडहिंग्लजला असतं. नंबर दोन पण आतला पॅन एकच. म्हणजे लायसन्स पूर्ण जीएसटी नंबरवर द्यायचं की पॅनवर, हे दर ठरवतानाच ठरवून टाका आणि ग्राहकाला विकायच्या आधी सांगा. मी पॅनवर देतो आणि दुसऱ्या दुकानाला कमी दर लावतो, भाऊभावांची कॉपी त्यानेच बरीच बंद होते.

ज्याचा जीएसटी नंबरच नाही अशा छोट्या दुकानाला फर्मचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर या तिन्हीवर लायसन्स द्या.

आता यातले सापळे. पहिला, नाव आणि नंबर डेटाबेसमधल्या सेटिंगच्या टेबलात ठेवू नका. ॲक्सेसच्या फाइलीचा पासवर्ड काढायचे टूल फुकट मिळतात, आणि एसक्यूएल सर्व्हर ग्राहकाच्या मशीनवर असेल तर त्या मशीनचा ॲडमिनिस्ट्रेटर केव्हाही आत शिरू शकतो. बिलाच्या डोक्यावरचं नाव दर वेळी थेट लायसन्समधून वाचा. दुसरा सापळा म्हणजे रिपोर्टची फाइल. क्रिस्टल रिपोर्टची फाइल, म्हणजे बिलाचा साचा, फोल्डरात उघडी पडलेली असते, कुणीही ती उघडून तुमच्या फील्डच्या जागी आपल्या दुकानाचं नाव टाइप करून टाकतो आणि सगळी मेहनत वाया. रिपोर्ट प्रोग्रॅमच्या आत एम्बेड करा. तिसरा, मालकी बदलली, म्हणजे वडिलांची प्रोप्रायटरी फर्म मुलांनी पार्टनरशिप केली, तर पॅन बदलतो आणि जीएसटी नंबर पण. अशा ग्राहकाला चोर समजू नका, जुनी बिलं जुन्या नावानेच दिसली पाहिजेत आणि नवीन बिलं नवीन नावाने, याची सोय पहिल्यापासून ठेवा.

पिग्मी किंवा पगाराच्या सॉफ्टवेअरला पण हेच चालतंय. सोसायटीचं नाव पासबुकावर, पावतीवर, पगारपत्रकावर लायसन्समधून आलं पाहिजे.

३. लायसन्स फाइलवर डिजिटल सही करा

नवीन माणूस काय करतो, एक फॉर्म्युला बनवतो, ग्राहकाचा कोड घेऊन त्यात काहीतरी गुणाकार भागाकार करून उलट कोड देतो. तो फॉर्म्युला प्रोग्रॅममध्ये तपासणीसाठी पण ठेवावाच लागतो, म्हणजे ज्याने प्रोग्रॅम उघडला त्याला फॉर्म्युला मिळाला आणि त्याने कीजेन, म्हणजे पाहिजे तेवढे खोटे कोड काढणारा प्रोग्रॅम, बनवला. हे टाळायला पब्लिक की, प्रायव्हेट कीची पद्धत आहे. प्रायव्हेट की तुमच्याकडे राहते, तिने सही होते, प्रोग्रॅममध्ये फक्त पब्लिक की असते आणि तिने सही नुसती तपासता येते, नवीन करता येत नाही.

आरएसए ही अशीच एक पद्धत १९७७ पासून आहे, डॉट नेटमध्ये आरएसए आणि ईसीडीएसए दोन्ही आधीपासून येतात, वेगळं काही विकत घ्यायचं नाही. ईडी२५५१९ ही सहीची दुसरी पद्धत पाहिजे असेल तर लिबसोडियम लायब्ररी वापरा, फुकट आहे. स्वतःची एन्क्रिप्शनची पद्धत शोधून काढायला जाऊ नका, कृपा करून.

लायसन्स फाइलीत साध्या मजकुरात एवढं लिहा: लायसन्स नंबर, फर्मचं नाव, जीएसटी नंबर, मशीनची ओळख, किती कॉम्प्युटर, कुठली एडिशन, आणि कुठल्या तारखेपर्यंत अपडेट मिळणार. मग त्या सगळ्यावर सही. सॉफ्टवेअर कायमचं चालतंय पण अपडेट एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभाल करार, असेपर्यंतच, हे त्या शेवटच्या तारखेमुळे जमतंय. प्रोग्रॅमच्या प्रत्येक व्हर्जनमध्ये तो कधी निघाला ती तारीख असते, ती लायसन्समधल्या तारखेनंतरची असेल तर नवीन व्हर्जन चालू होत नाही, जुनं मात्र चालूच राहतं. हे हत्यार केवढं मोठं आहे ते २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा कळलं. त्या आठवड्यात अधिकृत ग्राहकाला दरासकट तयार अपडेट, आणि कॉपीवाल्याला आयटम मास्टर, म्हणजे मालाची यादी, एकेक हाताने बदलत बसायचं.

सही लांब असते हे ध्यानात घ्या. ईडी२५५१९ ची ६४ बाइट, आरएसए २०४८ ची २५६ बाइट. म्हणजे फोनवर "ए फॉर ॲपल" करत सांगण्यासारखा छोटा कोड यातून निघत नाही. फाइल म्हणूनच द्या, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ग्राहकाकडून येणारी मशीनची ओळख मात्र छोटी ठेवता येते, त्यात शून्य आणि ओ, एक आणि आय असली फसवी अक्षरं वगळा, किंवा सरळ स्क्रीनवर क्यूआर दाखवा, तो मोबाइलने फोटो काढून पाठवतो, चूक व्हायचा प्रश्नच नाही.

प्रायव्हेट की कुठे ठेवायची? सोर्स कोडच्या फोल्डरात नको, गिटमध्ये नको, रिपॉझिटरी प्रायव्हेट असली तरी नको. पासवर्ड लावून दोन पेन ड्राइव्हवर ठेवा आणि एक घराबाहेर ठेवा. ती हरवली तर नवीन लायसन्स काढता येणार नाही, नवीन की घालून सगळ्यांना अपडेट द्यावा लागेल. आणि डीलर नेमला तर त्याला लायसन्स बनवायचा प्रोग्रॅम हातात देऊ नका, कितीही जवळचा असू दे. त्याने मागणी पाठवायची, सही तुमच्याकडेच व्हायची.

४. मशीनची ओळख, म्हणजे जिथे सगळे अडकतात

एकाच जीएसटी नंबरवर एक कॉम्प्युटरचं लायसन्स घेऊन चार काउंटरला लावलेलं असतं, त्यासाठी मशीनशी बांधावं लागतंय. पण इथे आपल्याकडचे कॉम्प्युटर कसले असतात ते बघून काम करा. बहुतेक असेम्बल केलेले. मदरबोर्डचा सीरियल नंबर मागितला की "टू बी फिल्ड बाय ओईएम" असं उत्तर येतं, म्हणजे ती जागा कुणी भरलेलीच नसते, आणि ते शेकडो मशीनवर तेच. स्वस्त बोर्डांवर यूयूआयडी, म्हणजे प्रत्येक मशीनचा वेगळा असायला पाहिजे तो नंबर, पण दोन मशीनला सारखा सापडतो. हार्ड डिस्कचा सीरियल बरा, पण आजकाल जो तो जुनी डिस्क काढून एसएसडी टाकतोय. ड्राइव्हचा व्हॉल्यूम नंबर फॉरमॅट मारला की बदलतो. नेटवर्क कार्डचा मॅक ॲड्रेस यूएसबी वायफाय लावलं, काढलं की वेगळा दिसतो, आणि विंडोज १० पासून वायफायला तो आपोआप बदलत ठेवायची सोय पण आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या कोठारात, क्रिप्टोग्राफीखाली मशीनगाइड म्हणून एक नंबर असतो, तो सोयीचा आहे, पण हार्डवेअरवाल्याने एकाच इमेजवरून दहा मशीनला विंडोजची जशीच्या तशी नक्कल उतरवली, म्हणजे घोस्ट मारलं असेल तर दहाही ठिकाणी तोच.

म्हणून एकाच गोष्टीवर बांधू नका. चारपाच गोष्टी घ्या, प्रत्येकीचा वेगळा हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेला ठरावीक लांबीचा कोड, लायसन्समध्ये ठेवा, आणि पाचातल्या तीन जुळल्या की चालू द्या. रिकामं उत्तर किंवा ते ओईएमवालं वाक्य आलं तर ती गोष्ट मोजायचीच नाही. एसएसडी बदलली तरी ग्राहकाला कळत पण नाही, आणि अख्खं मशीन वेगळं असेल तर थांबतं.

एक सापळा खास सांगतो, कारण यात दोन दोन दिवस जातात. तुमचा प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल, म्हणजे व्हीबी ६ चा असेल किंवा डॉट नेटमध्ये एक्स ८६ म्हणून बिल्ड केला असेल, आणि विंडोज ६४ बिटचं असेल, तर रजिस्ट्री वाचताना विंडोज तुम्हाला गुपचूप दुसऱ्या शाखेत नेतं आणि तिथे मशीनगाइड नसतोच. तुमच्या मशीनवर चालतंय, ग्राहकाकडे रिकामं येतंय. ६४ बिटची रजिस्ट्री स्पष्ट मागून उघडा.

डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचं हार्डवेअरचं लॉक, लावावा का? पूर्वी डीटीपीवाल्यांच्या कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लॉक लावलेलं असायचं, आता ते यूएसबीत आलंय, हॅस्प नावाने लोक ओळखतात. पाच आकडी किमतीचं सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ फौंड्रीचं डिझाइन किंवा सीएनसीचं काही असेल तर जरूर विचार करा. दुकानाच्या बिलिंगला नको. तो हरवतो, झाडू मारताना मोडतो, आणि बदलून द्यायला तुम्हालाच कुरिअर करावा लागतो.

५. ट्रायल आणि तारीख

ट्रायल दिवसांवर देण्यापेक्षा बिलांच्या संख्येवर द्या. दिवसांवर दिली की लोक कॉम्प्युटरची तारीख मागे नेतात. पण तारीख मागे दिसली म्हणजे चोरीच असं समजून प्रोग्रॅम बंद करू नका. जुन्या कॉम्प्युटरची सीमॉस बॅटरी गेलेली असते, हेस्कॉमची लाइट गेली आणि परत आली की मशीन कितीतरी वर्षं मागच्या तारखेला उठतं. आपल्याकडे पावसाळ्यात हे रोजचं. डेटाबेसमधल्या शेवटच्या बिलाच्या तारखेशी ताडून बघा, कॉम्प्युटरची तारीख त्याच्या मागे असेल तर "कॉम्प्युटरची तारीख बरोबर करा" एवढंच सांगा आणि केल्यावर चालू होऊ द्या. बिलावर चुकीची तारीख पडणं वाचलं म्हणून ग्राहक उलट खूश होतो.

लायसन्स संपलं, जुळलं नाही, काही झालं तरी ग्राहकाचा जुना डेटा अडवायचा नाही. नवीन बिल बंद करा, पण जुनी बिलं बघणं, छापणं, एक्सेलला काढणं चालूच राहिलं पाहिजे. त्याचा हिशोब त्याचा आहे. पैशाच्या वादात डेटा अडवून धरणाऱ्याचं नाव अख्ख्या पेठेत होतं आणि मग पुढचं गिऱ्हाईक मिळत नाही. गुपचूप चुकीचे आकडे देणं, डेटा पुसणं असले प्रकार तर मुळीच नकोत. तुमची तपासणी कधीतरी चुकणार, आणि चुकेल तेव्हा समोर पैसे भरलेला माणूस असेल.

६. प्रोग्रॅम उघडा पडू देऊ नका

तुमचा कोड कशात आहे त्यावर हे ठरतं. डॉट नेटचा प्रोग्रॅम आयएलस्पाय या कोड उलगडणाऱ्या टूलमध्ये टाकला की जवळजवळ तुम्ही लिहिला तसाच दिसतो, आणि डीएनस्पायमध्ये तर तिथल्या तिथे बदलून सेव्ह पण करता येतो. कोड वाचता येऊ नये असा गुंतवणारे ऑबफस्केटर मिळतात: कन्फ्यूझरएक्स फुकट आहे, व्हिज्युअल स्टुडिओबरोबर डॉटफस्केटरची कम्युनिटी आवृत्ती मिळते, काहीतरी एक लावा, पण डीफॉरडॉट नावाचं टूल बऱ्याच ऑबफस्केटरची कामगिरी उलटवतं हे माहीत असू द्या. पायथॉन पायइन्स्टॉलरने एक्सई केली म्हणजे कोड लपला असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही, आतल्या फाइली पाच मिनिटांत बाहेर येतात. नुइत्का वापरा, तो सी मध्ये नेऊन कंपाइल करतो. इलेक्ट्रॉनची असार फाइल तर नुसती पॅक केलेली असते, कुणीही उघडू शकतं. अजून फॉक्सप्रोमध्ये काम करणारे आपल्याकडे आहेत, त्याचा कोड उलगडणारं रीफॉक्स आहे. यूपीएक्स या पॅकरने एक्सई छोटी होते, सुरक्षित होत नाही.

आणि लायसन्सची तपासणी एकाच ठिकाणी, चालू होताना एकदाच, "बरोबर असेल तर पुढे जा" अशी ठेवली तर ती एक ओळ बदलली की संपलं. बिल सेव्ह करताना, महिन्याचा रिपोर्ट काढताना, बॅकअप घेताना अशी तीनचार ठिकाणी वेगवेगळी तपासणी ठेवा.

सपोर्ट देताना एनीडेस्कवरून ग्राहकाच्या मशीनवर सोर्स कोड कॉपी करून तिथेच दुरुस्ती करायची सवय असेल तर मोडा. काम झाल्यावर तो फोल्डर तिथेच राहतो, आणि पुढच्या वेळी मशीन हार्डवेअरवाल्याकडे जातं तेव्हा त्याच्याबरोबर तुमचा सगळा कोड जातो.

७. कोड साइनिंग

पॅकर किंवा ऑबफस्केटर लावला की विंडोजचा डिफेंडर कधीकधी तुमचीच एक्सई व्हायरस म्हणून उचलतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फाइल पाठवून तपासून घेता येते, फुकट आहे. यावर बराचसा उपाय म्हणजे कोड साइनिंग सर्टिफिकेट, प्रोग्रॅम तुमचाच आहे हे सांगणारी डिजिटल सही त्याने करता येते. १ जून २०२३ पासून त्याची की हार्डवेअर टोकनवर किंवा क्लाउडमधल्या सुरक्षित मॉड्यूलमध्येच ठेवावी लागते, म्हणून आधीपेक्षा महाग पडतंय. एक गैरसमज काढून टाका: जीएसटी रिटर्नसाठी जी डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, आपण सीएकडून पेन ड्राइव्हसारख्या टोकनवर घेतो ती यासाठी चालत नाही. सुरुवातीला बजेट नसेल तर हे पुढे ढकलता येतं, दुसरी, तिसरी, चौथी पायरी ढकलता येत नाही.

८. ऑनलाइन ॲक्टिव्हेशन करायचं असेल तर

सोपं आहे, पण खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर नेटवर्कची काय अवस्था असते ते आठवा. रोज सर्व्हरला विचारणारं सॉफ्टवेअर तिथे विकूच नका. एकदा ॲक्टिव्हेट झालं की पुढे नेट नसलं तरी चाललं पाहिजे, नेट असेल तेव्हा गुपचूप विचारून घ्या, नसेल तर सोडून द्या. तुमचा सर्व्हर बंद पडला, डोमेनचे पैसे भरायचे राहिले, तर बेळगावातली सगळी दुकानं एकदम थांबतील असं काही बांधू नका. ऑफलाइन लायसन्स फाइलचा रस्ता कायम उघडा ठेवा.

विंडोज ७ अजून खूप ठिकाणी आहे, मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला त्याचा सपोर्ट बंद केला तरी. तिथे टीएलएस १.२, म्हणजे नेटवरच्या सुरक्षित जोडणीची पद्धत, बऱ्याचदा चालू नसतं आणि रूट सर्टिफिकेट जुनी असतात, म्हणून तुमच्या सर्व्हरला जोडणीच होत नाही आणि ग्राहक म्हणतो "तुमचं सॉफ्टवेअर ॲक्टिव्ह होईना". असं एखादं मशीन स्वतःकडे ठेवून तपासून बघा.

९. कागदपत्रं

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृती म्हणून धरला जातो. लिहिल्याबरोबर हक्क तुमचा, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. पण पोलिसात किंवा कोर्टात उभं राहायचं झालं तर नोंदणीचा कागद फार उपयोगी पडतो आणि फी फक्त ५०० रुपये आहे. अर्ज कॉपीराइट ऑफिसच्या पोर्टलवर ऑनलाइन, फॉर्म १४. लागतं ते असं:

- तुमचं ओळखपत्र आणि पत्ता, फर्मच्या नावावर असेल तर फर्मचे कागद
- सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं, एकूण २० पानांपेक्षा कमी असेल तर सगळा कोड, आणि त्यात काळं करून झाकलेलं काही चालत नाही
- कुणी बरोबर लिहिलं असेल तर त्याचं ना हरकत पत्र
- वकिलामार्फत करत असाल तर वकीलपत्र

कोड झाकून चालत नाही, म्हणून लायसन्स तपासणारा भाग त्या पहिल्या किंवा शेवटच्या दहा पानांत येणार नाही अशी छपाई लावा. अर्ज केल्यावर डायरी नंबर मिळतो, मग हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

यापेक्षा महत्त्वाचा कागद म्हणजे तुमच्याबरोबर काम करणाऱ्यांशी करार. व्हीटीयू या इथल्या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठाच्या कॉलेजांतली मुलं इंटर्नशिपला येतात, कुणी सुटीत एखादं मॉड्यूल लिहून देतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड कायद्याने मालकाचा, पण बाहेरून लिहून देणाऱ्याचा कोड त्याचाच राहतो, तुम्ही पैसे दिले असले तरी. हक्क तुमच्याकडे आले असं लेखी पाहिजे, सहीसकट. आणि त्यात किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी ते स्पष्ट लिहा, नाहीतर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत असं धरतो. हे बहुतेकांना माहीतच नसतं आणि सहाव्या वर्षी तोच मुलगा तुमच्या कोडवर हक्क सांगू शकतो.

ग्राहकाशी एक पानाचा करार करा, कानडी किंवा मराठी, त्याला वाचता येईल त्या भाषेत. किती मशीन, एएमसी किती, अपडेट कधीपर्यंत, आणि कॉपी दुसऱ्याला द्यायची नाही. बॅकअपसाठी कॉपी ठेवायचा हक्क ग्राहकाला कायद्यानेच आहे, तो काढून घ्यायला जाऊ नका. सीमेपलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात विकत असाल तर तुमच्या बिलावर आयजीएसटी कसा लावायचा ते सीएला विचारून घ्या.

१०. कॉपी सापडली तर

आधी पुरावा. दुकानात जाऊन छापील बिल घ्या, व्हर्जन दिसेल असा स्क्रीनचा फोटो घ्या, तारीख लिहून ठेवा. मग मालकाशी नीट बोला. बऱ्याचदा त्या बिचाऱ्याने हार्डवेअरवाल्याला पैसे दिलेले असतात आणि त्याला हे ओरिजिनल वाटत असतं. त्याला सवलतीत अधिकृत लायसन्स द्या, डेटा तसाच ठेवून द्या, तो तुमचा पक्का ग्राहक होतो. हार्डवेअरवाल्याला पण भेटा, आणि प्रत्येक लायसन्समागे कमिशन देऊ म्हणून सांगा. तो रोज दहा दुकानांत जातो, तुम्ही जाऊ शकत नाही. कॉपी टाकून त्याला जे मिळतं त्यापेक्षा जास्त प्रामाणिकपणे विकून मिळायला लागलं की तोच तुमच्या सॉफ्टवेअरची राखण करतो.

ऐकतच नसेल तर कायदा आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी प्रमाणे चोरीचा प्रोग्रॅम आहे हे माहीत असून वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड होऊ शकतो. लॉक तोडणाऱ्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं कलम ६५ ए आहे, २ वर्षांपर्यंत कैद. कॉपीराइट भंगाचा कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आहे असं सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये सांगितलंय, म्हणजे पोलीस एफआयआर घेऊ शकतात. बेळगावात सीईएन पोलीस ठाणं आहे, सायबरचे गुन्हे तिथे बघतात. तक्रार कानडीत लिहून नेली तर काम लवकर पुढे सरकतंय. दिवाणी दाव्यासाठी आपण राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जायची सोय कलम ६२ मध्ये आहे, त्याचे बारकावे वकील सांगेल.

तुमचं सेटअप कुणी टेलिग्रामवर किंवा ड्राइव्हवर टाकलं असेल तर त्या कंपनीला लेखी तक्रार द्या. कॉपीराइट नियम २०१३ च्या ७५ व्या नियमाप्रमाणे पक्की तक्रार मिळाल्यावर त्यांनी ३६ तासांत पावलं उचलायची असतात, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश दाखवला नाही तर ते परत चालू करू शकतात, म्हणून तारखेवर लक्ष ठेवा. आणि ती कॉपी कुणाच्या लायसन्सची आहे ते आतल्या नंबरवरून कळतंय, तो नंबर पुढच्या अपडेटमध्ये बाद यादीत टाका.

११. आधीच विकलेल्या ग्राहकांवर लॉक कसं आणायचं

ज्यांचं सॉफ्टवेअर आधीच बिना लॉकचं चालू आहे त्यांनी एकदम लॉकवाला अपडेट सोडू नका. आधी नुसती मशीनची ओळख आणि जीएसटी नंबर गोळा करणारा अपडेट द्या, काही न अडवता. ती माहिती आली की प्रत्येकाचं लायसन्स तुमच्याकडे बनवून तयार ठेवा, ओळखीच्या दोनतीन दुकानांत लावून आठवडाभर बघा. तपासणीसाठी स्वतःच्या एका जुन्या मशीनवर फॉरमॅट मारा, डिस्क बदला, तारीख मागे नेऊन परत बरोबर करा, नेटवर्क कार्ड बंद करा, सगळा फोल्डर दुसऱ्या मशीनवर चिकटवून बघा, दुसऱ्या मशीनवर थांबला आणि बाकी सगळीकडे चालला म्हणजे बरोबर. मग लायसन्स आधी, लॉकवाला अपडेट नंतर, आणि पहिल्या महिन्यात लायसन्स सापडलं नाही तरी फक्त सूचना दाखवा, बिल थांबवू नका. दिवाळीचा आठवडा, मार्च एंड, आणि महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीआर १ आणि ३ बी भरायची गडबड असते ते दिवस सोडून द्या. मंगळवार बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी लावा म्हणजे काही अडकलंच तर दिवसभर फोन घ्यायला तुम्ही मोकळे असता.